हाताने केलेले काम दाखवताना त्याची मागची बाजूही दाखवावी का?

नेढे :

हौशी कारागीर आपले काम एकमेकांना दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा एकच छायाचित्र पुढे येते. वस्तू पूर्ण झालेली असते, इस्त्री केलेली असते आणि समोरून टिपलेली असते. त्याखाली 'सुंदर', 'अप्रतिम', 'हात फार सुबक आहे' असे प्रतिसाद येतात, करणाऱ्याला बरे वाटते आणि विषय तेथेच संपतो. कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही, कारण कौतुकावाचून छंद फार काळ टिकत नाही. परंतु तीच वस्तू स्वतः करून पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती त्या छायाचित्रातून जवळजवळ काहीच लागत नाही. कापड कोणते होते, ते आधी धुऊन घेतले होते का, दोरा किती पदरी घेतला, नक्षी कापडावर कशी उतरवली, कडा कशा बंद केल्या आणि पहिल्या धुण्यानंतर वस्तूचे काय झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की कोणतेही कापडी काम दाखवताना समोरच्या छायाचित्राबरोबर मागच्या बाजूचेही एक छायाचित्र असावे आणि त्याखाली चार ओळींची माहिती असावी. भरतकामाची उलटी बाजू पाहिली की सुई कोणत्या क्रमाने फिरली, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना दोरा तोडला की तसाच ओढून नेला, सुरुवातीला गाठ मारली की दोऱ्याचे टोक टाक्यांखाली दडवले, हे सारे न विचारता कळते. भरीव टाक्याचेच उदाहरण घ्या. एका पद्धतीत दोरा पानाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातो आणि कापडाखालून पुन्हा पहिल्या कडेवर येतो, त्यामुळे मागेही पुढच्याइतकाच दोरा भरला जातो. दुसऱ्या पद्धतीत सुई पलीकडच्या कडेला खाली जाऊन तेथेच शेजारी वर येते आणि मागे केवळ कडेकडेने बारीक टाके उरतात. अशी दोन पाने समोरून पाहिली तर फरक ओळखणे अवघड आहे, परंतु पहिल्याला दोरा जवळपास दुप्पट लागतो आणि ते फुगीर बसते, तर दुसरे हलके आणि चपटे राहते. ज्याला ते पान उशीच्या अभ्र्यावर काढायचे आहे, त्याच्या दृष्टीने नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो.

उलट्या बाजूचे मोल संग्रहालयांनाही ठाऊक आहे. फ्रान्समधील बाय्यू येथे जतन केलेले अकराव्या शतकातील भरतकाम सुमारे ६८ मीटर लांब असून ते लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडावर लोकरीच्या दोऱ्याने केलेले आहे. १९८२-८३ मध्ये त्याची तपासणी झाली तेव्हा अस्तराआड राहिलेली उलटी बाजू अभ्यासकांना पाहता आली. प्रकाशापासून बचावलेले रंग आणि नंतरच्या काळातील दुरुस्त्या समजून घ्यायला तिचा मोठा उपयोग झाला.

ज्यांना हे मान्य असेल त्यांनी आपले काम दोन्ही बाजूंनी दाखवावे, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी विरोध अवश्य नोंदवावा, मात्र कारणासह.

सहापदरी :

प्रस्ताव मान्य आहे. मात्र 'चार ओळींची माहिती' म्हणजे काय हे ठरवून घ्यायला हवे, अन्यथा 'सुती कापडावर भरले आहे' एवढेच लिहून लोक मोकळे होतील. मोजून भरायच्या कामात, म्हणजे क्रॉस स्टिचमध्ये, कापडाला इंचाला किती घरे आहेत हे सांगितल्याशिवाय आराखड्याला अर्थच नसतो. १४० घरे रुंद आणि ११२ घरे उंच असा आराखडा इंचाला १४ घरे असलेल्या कापडावर १० इंच रुंद आणि ८ इंच उंच येतो. तोच आराखडा इंचाला १८ घरे असलेल्या कापडावर भरला तर जेमतेम पावणेआठ इंच रुंद आणि सव्वासहा इंच उंच भरतो, आणि आधीच करवून घेतलेल्या चौकटीत भोवती नको तेवढी जागा मोकळी राहते.

पदरांबाबतही नेमकेपणा हवा. भरतकामाचा नेहमीचा दोरा सहा पदरांचा असतो आणि १४ घरांच्या कापडावर सहसा त्यातले दोन पदर घेतात. तीन घेतले तर काम भरगच्च दिसते, एकच घेतला तर मधून कापड डोकावते. दोन्ही परिणाम मुद्दाम साधता येतात, पण ते मुद्दाम साधले आहेत हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. शिवाय पदर एकदम ओढून वेगळे केले की एकेक सुटा करून पुन्हा शेजारी ठेवले, याचाही परिणाम दिसतो. एकेक पदर सुटा केल्यास पीळ मोकळा होतो आणि टाका पसरून बसतो. समोरासमोर बसून शिकताना ही गोष्ट आपोआप नजरेस पडते, छायाचित्रातून ती कधीच पडत नाही.

जुने_अस्तर :

माझा विरोध आहे आणि तो सविस्तर मांडतो. भरतकाम करणाऱ्यांमध्ये 'मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे' हा आग्रह पूर्वापार चालत आला आहे, आणि त्या आग्रहामुळे अनेकांनी सुई खाली ठेवलेली मी पाहिली आहे. समोरून देखणे काम करणारी व्यक्ती मागच्या गाठी आणि लोंबते दोरे दाखवायला संकोचते. उद्या उलट्या बाजूचे छायाचित्र देणे हा शिष्टाचार ठरला, तर अशी माणसे काहीच दाखवणार नाहीत आणि उरतील ते केवळ ज्यांची दोन्ही अंगे नीटनेटकी आहेत तेच. त्यातून शिकणे वाढेल असे मला वाटत नाही.

दुसरे असे की मागची बाजू कितपत महत्त्वाची हे वस्तूच्या उपयोगावर ठरते. भिंतीवर लावायच्या चित्रामागे पुठ्ठा आणि अस्तर येणार असेल तर तेथे गाठी असल्या काय आणि नसल्या काय. फार फार तर गाठीचा उंचवटा समोरून जाणवू नये आणि गडद दोऱ्याची रेघ फिक्या कापडातून दिसू नये, एवढी काळजी पुरे. याउलट अंगावर घालायच्या कपड्यात आतून एक इंचाचा सुटा दोरा राहिला तर तो बोटात किंवा बांगडीत अडकून टाका उसवतो. हातरुमालाला किंवा शालीला तर मागची बाजू अशी नसतेच. हा भेद न करता सर्वांना एकच नियम लावणे मला पटत नाही.

नेढे :

उपयोगानुसार भेद करावा हे पूर्णपणे मान्य आहे, आणि संकोचाचा मुद्दाही खरा आहे. परंतु उलट्या बाजूला गुण द्यावेत असे मी म्हटलेले नाही. ती वाचता यावी, एवढेच मला हवे आहे. गाठींनी भरलेली मागची बाजू शिकणाऱ्याला जितके सांगते, तितके अगदी स्वच्छ मागची बाजू कदाचित सांगणार नाही, कारण तेथे सगळे माग पुसलेले असतात. आपण एक पथ्य पाळू शकतो. ज्याने मागची बाजू दाखवली आहे त्याने प्रश्न विचारला नसेल, तर तिच्या नीटनेटकेपणाबद्दल कोणी मत देऊ नये.

धावदोरा :

मग मीच सुरुवात करते. दोन्ही छायाचित्रे जोडली आहेत. भिंतीवर लावायचे हे अ‍ॅप्लिकचे काम आहे. पार्श्वभूमीला फिके सुती कापड आहे आणि त्यावर तीन हिरव्या छटांच्या कापडांतून कापलेली पाने कडा आत दुमडून हाताने शिवलेली आहेत. देठ देठाच्या टाक्याने, दोन पदरी दोऱ्याने भरले आहेत. सर्व कापडे आधी धुऊन इस्त्री केलेली होती. पाने शिवण्यापूर्वी कच्च्या दोऱ्याने टाचून घेतली होती आणि शिवताना कापड रिंगमध्ये ताणलेले होते. माझा प्रश्न असा आहे की मोठ्या पानांभोवती पार्श्वभूमीचे कापड गोळा झाले आहे, लहान पानांभोवती मात्र तसे काहीच झालेले नाही. इस्त्रीने चुण्या तात्पुरत्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतात. हे का होत असावे?

नेढे :

समोरच्या छायाचित्रावरून मी एवढेच म्हणू शकले असते की दोरा घट्ट ओढला गेला आहे. मागच्या छायाचित्रात मात्र आणखी एक गोष्ट दिसते. लहान पानांभोवती उलट्या बाजूला टाके आखूड आणि कडेला समांतर आहेत, तर मोठ्या पानांभोवती ते लांब आणि तिरके आहेत. याचा अर्थ असा की मोठ्या पानांपाशी सुई कडेच्या बरोबर शेजारी खाली न जाता थोडी दूर जाऊन मग वर आली. असा तिरका टाका ओढला की तो पानाखालचे कापड आपल्याकडे खेचतो, आणि लांब कडेवर असे अनेक टाके आले की त्यांची ओढ साठत जाते. दुमडलेल्या कडेतून सुई वर आली की ती त्याच बिंदूच्या थेट समोर, पानाच्या किंचित खाली पार्श्वभूमीत उतरवावी आणि पुढे सरकणे कापडाखालून करावे. टाक्यांमधले अंतर दोन ते तीन मिलिमीटर ठेवले की पुरते.

उरेब :

आणखी एक शक्यता आहे. मोठ्या पानांच्या कापडावरील बारीक रेषा पाहिल्या तर ती पाने तिरकी, म्हणजे उरेब कापलेली दिसतात, आणि पार्श्वभूमी मात्र सरळ आहे. कापडाचे उभे धागे सर्वांत कमी ताणले जातात, आडवे थोडे अधिक, आणि ४५ अंशांच्या उरेब दिशेने कापड सर्वाधिक ताणते. उरेब पान हाताळताना ताणले जाते, त्याच अवस्थेत ते टाचले जाते, आणि रिंग काढल्यावर मूळ आकारात परतू पाहते तेव्हा खालचे सरळ कापड सोबत गोळा होते. इस्त्रीनंतर चुण्या परत येतात याचेही कारण हेच असू शकते, कारण उष्णतेने कापड काही वेळ आडवे झोपते पण त्यातली ओढ जात नाही. मोठे आकार शक्यतो पार्श्वभूमीच्या धाग्यांच्या दिशेनेच कापावेत. पानाची गोलाई दुमडायला उरेब कड सोयीची पडते हे खरे आहे, त्यामुळे लहान पाने उरेब कापायला हरकत नाही. मोठ्या पानांना कापण्यापूर्वी हलकी खळ द्यावी.

झालेले काम उसवण्याची गरज नाही. पानाखालचे पार्श्वभूमीचे कापड मागून, शिवणीपासून पाव इंच आत, काळजीपूर्वक कापून काढले तर बराचसा ताण मोकळा होतो. अ‍ॅप्लिकमध्ये असे करणे नेहमीचे आहे आणि त्याने जाडीही कमी होते. कात्रीचे टोक बोथट असावे.

धावदोरा :

मागून पाहिल्यावर दोन्ही कारणे पटली. पाने खरोखरच उरलेल्या तुकड्यांतून, जशी बसतील तशी कापली होती. एका पानाखालचे कापड काढून पाहिले, तर चुण्या पूर्ण गेल्या नसल्या तरी निम्म्याहून कमी झाल्या आहेत.

जुने_अस्तर :

एवढ्यापुरता माझा विरोध मागे घेतो. प्रश्न विचारण्यासाठी मागची बाजू दाखवणे आणि सवय म्हणून दाखवणे, यांत मी अजूनही फरक करतो.

टाचणी :

छायाचित्रांविषयी थोडे लिहिते, कारण धावदोरा यांच्या छायाचित्रातील तीन हिरव्या छटांपैकी दोन मला सारख्याच दिसल्या. घरातील दिव्यांचा प्रकाश बहुधा पिवळसर असतो आणि त्यात निळा व हिरवा यांच्या जवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. दिवसा, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशेजारी छायाचित्र घ्यावे आणि कामाच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे रंग किती सरकला आहे हे पाहणाऱ्याला ताडता येते. फ्लॅश टाळावा, कारण समोरून पडणारा प्रकाश टाक्यांच्या सावल्या पुसून टाकतो आणि उठावाचे काम छापल्यासारखे सपाट दिसते. टाक्यांचा पोत दाखवायचा असेल तर प्रकाश एका बाजूने, जवळजवळ कापडाला घासून यावा. कॅमेरा कापडाला समांतर नसेल तर अचूक चौकोनही वरच्या बाजूला निमुळते दिसतात आणि लोक निष्कारण मापाविषयी शंका घेतात. मोजपट्टी एका कडेला ठेवली तर आकाराचे प्रश्न आपोआप मिटतात.

प्रकाशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते की भिंतीवर लावलेल्या कापडी कामाचा प्रकाश हा मोठा शत्रू आहे. संग्रहालयांत कापडांसाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) इतकाच मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. घरात इतके काटेकोर राहता येत नाही, परंतु काम लावलेल्या भिंतीवर ऊन येत असेल तर जागा बदलावी.

धावदोरा :

नक्षी उतरवण्याविषयी विचारायचे राहिले. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईचे पेन आणि इस्त्रीने नाहीशा होणाऱ्या शाईचे पेन यांत कोणते बरे?

सहापदरी :

दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांचे पथ्य परस्परविरुद्ध आहे. पाण्याने जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर खूण पक्की होऊ शकते, म्हणून आधी साध्या थंड पाण्यात पूर्ण बुडवून खूण घालवावी आणि मगच इस्त्री करावी. नुसते पाणी शिंपडले तर शाई कापडाच्या आत उतरते आणि वाळल्यावर पुन्हा वर येते. उष्णतेने जाणारी शाई खरे तर जात नाही, ती रंगहीन होते, आणि कापड कडक थंडीत राहिले तर खूण परत उमटू शकते. जे काम दूरवर पाठवायचे आहे किंवा भेट द्यायचे आहे, त्यावर मी ती वापरत नाही. गडद कापडावर खडू किंवा साबणाची पातळ वडी सर्वांत निर्धोक. कोणतेही साधन असो, त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी करून पाहावे.

उरेब :

तुकडेजोडीच्या कामाविषयी एक वेगळी मागणी आहे. गोधडी दाखवताना मागच्या बाजूपेक्षा मधल्या टप्प्याचे, म्हणजे अस्तर लावण्यापूर्वीचे छायाचित्र अधिक उपयोगी पडते, कारण नंतर शिवणी कायमच्या झाकल्या जातात. तुकडेजोडीत शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे कडेला सोडलेले कापड, सहसा पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर ठेवतात आणि सगळा हिशेब त्यावर उभा असतो. प्रत्येक तुकड्यावर माया केवळ एक मिलिमीटरने अधिक पकडली, तर एका सांध्यात दोन मिलिमीटर जातात. आठ चौकोनांच्या ओळीत सात सांधे असतात, म्हणजे ओळ १४ मिलिमीटरने आखूड होते आणि शेजारच्या, नीट शिवलेल्या ओळीशी जुळत नाही. दुमडीतही धाग्याच्या जाडीएवढे कापड खर्ची पडते, म्हणून अनुभवी लोक पाव इंचाहून केसभर कमीच माया घेतात. हे सगळे मागून, शिवणी उघड्या असतानाच दिसते. शिवणी कोणत्या बाजूला दाबल्या आहेत हेही तेव्हाच दिसते. सहसा त्या गडद कापडाकडे दाबतात, म्हणजे फिक्या कापडातून सावली दिसत नाही, आणि शेजारच्या ओळींत त्या विरुद्ध दिशांना दाबल्या तर चौकोनांचे कोपरे एकमेकांत बरोबर बसतात.

आणि कापड आधी धुतले होते का, हे कृपया प्रत्येकाने लिहावे. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकते. न धुता शिवलेली गोधडी नंतर धुतली की सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात आणि ती जुनी, मऊ दिसते. काहींना हेच रूप हवे असते. पण ज्याने छायाचित्र पाहून आधी धुतलेल्या कापडांची गोधडी शिवली, त्याला ते रूप कितीही वेळा धुतले तरी तसे मिळत नाही, आणि का मिळत नाही हेही कळत नाही. गडद लाल आणि निळ्या कापडांच्या बाबतीत तर धुणे टाळूच नये. ओले पांढरे कापड काही वेळ त्यावर दाबून ठेवले की रंग जातो का, हे लगेच कळते.

लोकरीचा_गुंडा :

विणकामात तुमची ही मागची बाजू फारशी कामाची नाही, कारण सुलट विणीची उलटी बाजू कशी असते हे सर्वांना ठाऊकच असते. दोन रंगांच्या विणीत मागचे आडवे धागे पाहण्याजोगे असतात, तेवढाच अपवाद. आमच्याकडे खरी माहिती आधी विणून पाहिलेल्या नमुन्याच्या चौकोनात असते. १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या, हे सांगितल्याशिवाय स्वेटर दाखवणे व्यर्थ आहे. मूळ विणणाऱ्याच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील तर १०० टाक्यांची रुंदी ५० सेंटिमीटर येते. माझा हात घट्ट असेल आणि २२ टाके बसत असतील तर तीच रुंदी साडेपंचेचाळीसच्या आसपास येते. पाठ आणि पोट मिळून नऊ सेंटिमीटर कमी पडले की तो स्वेटर दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागतो. चौकोन धुऊन, वाळवून मगच मोजावा, कारण काही लोकरी धुतल्यावर लक्षणीय सैल होतात.

कागदघडी :

कापडाबाहेरच्या छंदांतून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घडीकामात, म्हणजे ओरिगामीत, पूर्ण झालेल्या पक्ष्याचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी त्यावरून तो करता येत नाही, म्हणून तेथे चिन्हांची भाषा तयार झाली. जपानचे अकिरा योशिझावा यांनी तुटक रेषा, ठिपक्यांच्या रेषा आणि बाण यांची पद्धत १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. तीच पुढे थोड्या सुधारणांसह जगभर रूढ झाली आणि त्यामुळे परभाषेतील पुस्तकावरूनही घड्या घालता येतात. भरतकामाचे आराखडे आणि क्रोशाच्या आकृत्याही हेच काम करतात. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने छायाचित्राबरोबर हाताने काढलेली साधी आकृती द्यावी. आकृती बेढब असली तरी चालते.

दुसरी गोष्ट कापडी मुखपृष्ठाच्या वह्यांविषयी आहे, कारण त्या अनेकजण दाखवतात. कागदालाही कापडासारखी धाग्यांची दिशा असते. ती वहीच्या पाठीला समांतर नसेल तर पाने नीट उघडत नाहीत आणि खळीच्या ओलाव्याने पुठ्ठा वाकतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या घडीला समांतर धागे असतात. मुखपृष्ठाच्या कापडामागे पातळ कागद चिकटवून घेतला तर खळ कापडातून वर येत नाही.

टाचणी :

एक अडचणीचा प्रश्न आहे. विकत घेतलेल्या आराखड्यावरून केलेले काम दाखवताना आराखडाही दाखवावा का?

सहापदरी :

काम दाखवावे, आराखडा कोणाचा हे लिहावे, आराखड्याचे पान मात्र देऊ नये. टाका, शिवण किंवा जोडण्याची पद्धत यांवर कोणाचा लेखकाधिकार (कॉपीराइट) नसतो. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारातील नवव्या कलमातही संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पना किंवा कार्यपद्धतीला नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु विशिष्ट रेखाटन आणि त्याच्या लेखी सूचना ही अभिव्यक्तीच आहे. बारकावे देशोदेशी वेगळे असतात, मात्र सभ्यतेचा नियम सगळीकडे सारखाच आहे. आपण केलेले बदल मोकळेपणाने सांगावेत, ते आपलेच असतात.

जुने_अस्तर :

तंत्राची माहिती इतकी झाली की कामामागची गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहितो. अमेरिकेतील हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म १८३७ मध्ये गुलामगिरीत झाला. बायबलमधील प्रसंग दाखवणारी, अकरा चौकटींची त्यांची अ‍ॅप्लिकची गोधडी १८८६ मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे एका प्रदर्शनात मांडली गेली. जेनी स्मिथ नावाच्या कलाशिक्षिकेने ती मागितली तेव्हा पॉवर्स यांनी आधी नकार दिला. पुढे आर्थिक अडचणीमुळे ती विकावी लागली, तेव्हा त्यांनी प्रत्येक चौकटीत काय आहे ते समजावून सांगितले आणि स्मिथ यांनी ते लिहून ठेवले. ती गोधडी आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. चौकटींचा अर्थ आपण आज जो सांगतो, त्याला आधार त्या टिपणाचा आहे. टाके मोजून तो कोणालाही काढता आला नसता. तेव्हा नेढे यांच्या चार ओळींत एक ओळ 'हे का केले' यासाठी राखून ठेवावी, ही माझी दुरुस्ती.

नेढे :

दुरुस्ती स्वीकारली. आता पुढचे. आपण प्रत्येकी एक चौकोन करून त्यांची एक गोधडी जोडावी, असे तिघांनी स्वतंत्रपणे कळवले आहे. उरेब, मापे तुम्हीच ठरवावीत.

उरेब :

जोडल्यावर चौकोन ८ इंचांचा दिसायला हवा, म्हणून माया धरून तो साडेआठ इंचांचा कापावा. त्यावर भरतकाम किंवा अ‍ॅप्लिक करायचे असेल तर सुरुवात ९ इंचांच्या कापडाने करावी, कारण भरताना कापड थोडे आकसते, आणि काम पूर्ण झाल्यावर मध्य जुळवून साडेआठवर कापावे. नक्षी कडेपासून किमान पाऊण इंच आत ठेवावी. कापड फक्त सुती, धुतलेले आणि रंग न जाणारे हवे. मणी, आरसे किंवा जाड लोकर नको, कारण त्यावरून धावदोरा घालता येत नाही. कापलेल्या कडांवर दुमड शिवू नये, त्या मोकळ्याच असू द्याव्यात.

टाचणी :

एखादा चौकोन लहान किंवा मोठा आला तर?

उरेब :

लहान आला तर त्याला चारी बाजूंनी पट्टी जोडता येते. समजा चौकोन साडेआठऐवजी ८ इंचांचाच कापलेला आहे. एक इंच रुंदीच्या पट्ट्या पाव इंच माया धरून जोडल्या की तो ९ इंचांचा होतो, मग तो साडेआठवर कापावा. गोधडीत भोवती पाव इंचाची बारीक चौकट दिसेल, तिचा रंग चौकोनांमधल्या जोडपट्ट्यांचाच ठेवला तर ती मुद्दाम घातल्यासारखी वाटते. मोठा आला तर अडचण अधिक आहे, कारण कापताना नक्षीची टोके जाऊ शकतात. असा चौकोन करणाऱ्याला विचारल्याशिवाय कापणार नाही. पाठवताना चौकोनाची घडी न घालता तो पुठ्ठ्याच्या नळीवर, नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळावा, आणि कापड व दोऱ्याची माहिती वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवावी, चौकोनाला टाचू नये.